पत्नीने कबूल केले

डॉक्टरांनी कुत्र्याचा कान उलटा केला, आत नाक नेऊन वास घेतला आणि मालकाकडे न बघताच विचारलं, याला गेल्या आठ दिवसांत काय काय चारलंत.

मालक निवृत्त पोस्टमास्तर होते. उकडलेला बटाटा आणि मासा, तुम्ही लिहून दिलं होतं तेवढंच, असं ते म्हणाले. टेबलावरचा पत्रा गार होता आणि कुत्रा चारही पाय आखडून उभा होता. त्याच्या काखेतले आणि पोटाखालचे केस गेले होते, तिथली कातडी लाल होऊन जाड झाली होती. डॉक्टरांनी ती दोन बोटांत धरून पाहिली. मग घरात कोण कोण असतं, असं विचारलं. बायको, मुलगा, सून, अशी पोस्टमास्तरांनी मोजदाद केली.

"मग कुठंतरी पाणी मुरतंय," डॉक्टर म्हणाले.

बाहेर काउंटरवर बसलेल्या बाई औषधाच्या बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या कापत होत्या. त्यांची कात्री थांबली नाही. दोन खोल्यांमधलं दार कायम उघडं असे, आणि आता पुढं काय येणार ते त्यांना पाठ होतं. बाई म्हणजे डॉक्टरांची पत्नी. नंबर लावणं, केसपेपर काढून ठेवणं, कुत्रा अंगावर आला तर मालकाला आधी शांत करणं, हे सगळं त्या वीस-बावीस वर्षं करत होत्या.

डॉक्टर ती गोष्ट छान सांगत. आमच्याही घरी एक कुत्री होती, इथून सुरुवात. भुरी तिचं नाव. चार वर्षांची झाली आणि खाजवायला लागली. अन्नाचं वावडं आहे हे मी एका नजरेत ओळखलं. बटाटा आणि मासा सुरू केला, तिसरं काही नाही. सहा आठवडे झाले, सात झाले, खाज हटेना. मी पुस्तकं काढून पाहिली. मग विचार केला, पुस्तक खोटं बोलत नाही, कुत्र्याला खोटं बोलता येत नाही. राहिलं कोण? इथं ते थांबत आणि उघड्या दाराकडे नुसती मान वळवत. सतरा दिवस विचारत होतो. अठराव्या दिवशी बायकोनं कबूल केलं. दुधात बुडवून बिस्किट देत होती, रोज एक.

पोस्टमास्तर हसले. सगळेच हसत. हसता हसता काउंटरकडे बघत, आणि बाई चोरी सापडलेल्या माणसासारखं हसून मान खाली घालत. गोष्टीचा गुणही येई. ऐकून गेलेला माणूस घरी जाऊन सगळ्यांना फैलावर घेई आणि दोन-चार दिवसांत त्याचा फोन येई, डॉक्टर, तुमचं बरोबर होतं, सूनच देत होती. किंवा सासू. किंवा मोलकरीण. फोन ठेवल्यावर डॉक्टर आतून म्हणत, "आली बरं का कबुली." एवढ्या वर्षांत अशा किती कबुल्या आल्या याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता.

त्या दिवशी मात्र गोष्टीचा शेवट आणखी एका माणसानं ऐकला. बाहेरच्या दारात त्यांची मुलगी उभी होती. खांद्यावर पिशवी, चपला अजून पायात. ती हसली नाही. आईच्या समोरच्या चिठ्ठ्या तिनं एका बाजूला सारल्या, तिथं पिशवी ठेवली आणि विचारलं, "अजून सांगतात?"

"आज पहिल्यांदाच," बाई म्हणाल्या. "सकाळपासून."

मुलगी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होती. कुत्र्यांच्या कातडीचा दाह रक्तावरून ओळखता येईल का, यावर तिथं काम चाललं होतं. हवेतल्या आणि गवतातल्या गोष्टी न सोसल्यानं होणारा दाह आणि अन्नानं होणारा दाह बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हींत खाज तीच, लाली तीच, केस जातात ती जागाही तीच. डॉक्टर मंडळी महिनोन् महिने खाणं बदलून बघतात आणि मालकांवर विश्वास ठेवतात, किंवा ठेवत नाहीत. रक्तात मात्र दोघांच्या खुणा वेगळ्या उमटत असाव्यात, असा या लोकांचा अंदाज होता. तो तपासायला आधी अशा कुत्र्यांचं रक्त हवं होतं, ज्यांच्या निदानाबद्दल शंकाच नाही. ही अडचण मुलीनं गेल्या वर्षी फोनवर सांगितली तेव्हा डॉक्टर खूश झाले होते. ते पूर्वी आठवड्यातून दोनदा पशुवैद्यक कॉलेजात शिकवायला जात. तिथल्या खोल गोठवणीच्या कपाटात त्यांनी भुरीच्या रक्ताच्या दोन नळ्या ठेवल्या होत्या, वर्गात दाखवायला म्हणून. याहून पक्की केस तुला मिळायची नाही, असं सांगून त्यांनी त्या स्वतः नेऊन पोचवल्या होत्या. सोबत केसपेपरची नक्कलही.

पोस्टमास्तर गेले. दुपारची वेळ झाली तसा बाईंनी बाहेरच्या दारावर बंदची पाटी फिरवली. मुलगी आत गेली, टेबलावरचा पत्रा तिनं स्वतः पुसला आणि त्यावर कागद मांडले.

नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात, ती सांगू लागली. कुठली नळी कुठल्या कुत्र्याची हे तपासणाऱ्याला शेवटपर्यंत माहीत नसतं. सगळे निकाल लागल्यावर आकड्यांची यादी उघडायची. अन्नाच्या गटातल्या तेवीस नळ्यांपैकी बावीस आपल्या जागी बसल्या. एकेचाळीस नंबरची बसली नाही. ती हट्टानं दुसऱ्या गटात जाऊन पडत होती. त्यांनी दुसरी नळी काढून पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा, दुसऱ्या माणसाच्या हातून. मग यादी उघडली.

डॉक्टरांनी हात धुवायला घेतले. ते नेहमीच बराच वेळ हात धूत.

"नमुना जुना आहे," ते पाठमोरेच म्हणाले. "चौदा वर्षांचा. मध्ये कितीदा वीज गेली असेल. टाकून दे तो."

टाकता येत नाही, ती म्हणाली. त्याच कपाटातले, तेवढेच जुने आणखी पाच होते. ते पाचही जागेवर बसले.

"एखादा बसत नाही. शंभरात एखादा बसतच नाही."

"बाबा, निकाल आवडला नाही म्हणून नमुना टाकायचा नसतो. हे मला तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी साबण पुन्हा हातात घेतला. नळ चालू राहिला. बाई दारात येऊन उभ्या होत्या, हातात कात्री तशीच.

मग मुलीनं केसपेपरची नक्कल पुढं केली. ती त्यांच्याच अक्षरातली होती, सुबक, तिरपी, तारखांखाली रेघा मारलेली. चाचणी चुकते तेव्हा आधी निदान तपासायचं असतं, म्हणून ती हा कागद घेऊन बसली होती. अन्नाचं वावडं ठरवायला नियम एकच. खाणं तोडल्यावर खाज थांबली पाहिजे आणि तेच खाणं पुन्हा दिल्यावर ती परत आली पाहिजे. भुरीची खाज खाणं तोडून थांबली नव्हती. मग अन्न हे ठरलं कशावरून? पुराव्याच्या रकान्यात त्यांनी तीन शब्द लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पत्नीने कबूल केले.

"आणि तारखा बघा," ती म्हणाली. एक-एका ओळीवर ती बोट ठेवत गेली. खाज सुरू झाली ते वर्ष, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. दर वर्षी तेच दोन महिने. मागच्या मैदानातलं गवत फुलावर येतं ते. ते दोन महिने संपले की खाज कमी. आईनं कबूल केलं ते तिसऱ्या वर्षी, या दोन महिन्यांच्या अगदी शेवटी. नंतर आठवड्यात भुरी बरी झाली, आणि तुम्ही लिहिलंत, बिस्किट बंद केल्यावर सुधारणा.

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. कागद त्यांनी हातात घेतला नाही. लांबूनच वाचला.

"पुढच्या वर्षी पुन्हा खाजवायला लागली, तेव्हा तुम्ही तिला मागच्या पिंजऱ्यात ठेवलंत. आई तिला हात लावणार नाही अशी व्यवस्था केलीत. किल्ली तुमच्याकडे. त्याच्या पुढच्या वर्षीही खाजवत होती, मला आठवतंय, मी शाळेतून आले की जाळीवर पाय आपटल्याचा आवाज यायचा. ते कुठं लिहिलंय? पुढची पानं कुठं आहेत?"

पुढची पानं नव्हती. पिंजऱ्यात ठेवल्यापासून त्यांनी भुरीचा केसपेपर लिहिला नव्हता. ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं बटाटा कुस्करून देत. गवताच्या दिवसांत त्यात गोळी घालत, आणि गोळी कसली ते कुठं टिपत नसत. अशी सहा वर्षं. एका सकाळी बटाटा तसाच राहिला. त्यांनी बाहेर येऊन बाईंना सांगितलं, भुरी गेली, आणि पहिला नंबर कुणाचा ते विचारलं. बाईंनी नाव वाचून दाखवलं होतं.

खोलीत औषधाचा वास होता, आणि मघाच्या कुत्र्याचा. डॉक्टर वळले ते थेट बायकोकडे. आवाज चढलेला नव्हता. पेशंटच्या मालकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दिलं नव्हतंस, तर देत होते असं का सांगितलंस?"

बाईंनी कात्री खिडकीत ठेवली.

"तुम्ही विचारत होतात," त्या म्हणाल्या.

"विचारणारच. पण नव्हतं दिलं तर नाही म्हणायचं."

"सतरा दिवस तेच म्हणत होते. जेवायला बसलं की, दिवा मालवला की. तुम्ही डबे मोजायला लागला होतात." जरा थांबून त्या पुढं म्हणाल्या, "सतराव्या दिवशी तुम्ही म्हणालात, उद्या पोरीला बसवून विचारतो. आणि ती त्या दिवसांत दप्तरात बिस्किटं घेऊन जायची. मला वाटलं, दिली असतील हिनं. चौदा वर्षांची पोर. तुमचं विचारणं मला माहीत होतं."

मुलीनं कागद खाली ठेवला.

"मी नव्हती दिली, आई."

"आत्ता कळलं ना ते."

"मला वाटलं, तूच देतेस. मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. तुझ्यामुळं भुरी..."

"सव्वा महिना," बाई म्हणाल्या.

त्या हे रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या लशीची तारीख सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. मुलगी उठून त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिच्या मनात होतं, पण त्या सरळ उभ्या होत्या आणि हात कुठं ठेवायचा ते तिला कळेना. तिनं खिडकीतली कात्री उचलली आणि मिटवून पुन्हा तिथंच ठेवली.

एक फॉर्म होता. नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरनं मूळ निदान बदलत असल्याचं लिहून द्यायचं, म्हणजे एकेचाळीस नंबरची नळी योग्य गटात नेता येईल. सही केली नाही तर ती वादग्रस्त म्हणून बाजूला पडेल, आणि तसं झालं तरी कोणाचं काही बिघडणार नाही, मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं. निर्णय तुमचा. डॉक्टर खुर्चीवर बसले. खिशातलं पेन त्यांना सापडेना. बाईंनी काउंटरवरचं आणून दिलं. केसपेपरच्या नकलेवर पुराव्याच्या रकान्यातले तीन शब्द त्यांनी पट्टी लावून खोडले, फॉर्मवर लिहिलं, मूळ निदान चुकीचे, आणि सही केली. तारीख घालताना विचारली. ती बाईंनी सांगितली.

"झालं?" त्यांनी मुलीला विचारलं. "आता तुझी चाचणी बरोबर आली."

पेन त्यांनी टोपण लावून परत दिलं. जेवताना त्यांनी भाजी पुन्हा मागितली नाही. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. निघताना तिनं आईला विचारलं, येतेस का माझ्याकडे चार दिवस. बाई म्हणाल्या, सोमवारी गर्दी असते.

पुढचे आठ-दहा दिवस डॉक्टरांनी गोष्ट सांगितली नाही. खाजवणारी कुत्री येत होतीच, दिवस गवताचेच होते. ते कान बघत, काखा बघत, घरात कोण कोण असतं हे विचारायला तोंड उघडत आणि मग कातडीचा खरवडा काचपट्टीवर घेत. मालकांना आता ते विचारत, ही खाज दर वर्षी याच दिवसांत येते का. दोन-तीन जण हो म्हणाले. एकजण म्हणाली, गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतं कुणीतरी चारतंय, मी स्वयंपाकाच्या बाईला काढून टाकलं. डॉक्टरांनी तिला मलम लिहून दिलं आणि दोनदा समजावून सांगितलं, जे एकदा सांगून कळण्यासारखं होतं.

मधलं दार उघडंच असे. बाई चिठ्ठ्या कापत, नंबर पुकारत. डॉक्टरांना वाटे, आपण काहीतरी बोलायला हवं. एकदा दुपारी हात पुसत ते काउंटरपर्यंत आले आणि उभे राहिले. बाईंनी वर बघून विचारलं, कापूस संपला का. ते म्हणाले, हो. कापूस संपलेला नव्हता. बाईंनी नवीन गुंडाळी काढून दिली आणि ते ती घेऊन आत गेले.

पोस्टमास्तर पुन्हा आले ते त्यानंतर. कुत्रा तसाच होता, पोटाखाली ओलसर लाल. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची सूनही होती. कुत्र्याची दोरी तिनंच धरली होती, मनगटाला दोन वेढे देऊन. डोळे जमिनीवर. पोस्टमास्तरांनी आत येता येताच सांगितलं, तुमचं बरोबर होतं डॉक्टर, आली कबुली. तीन दिवस लागले, पण बोलली. तुमच्या तोंडून हिला एकदा ती गोष्ट ऐकवा, म्हणजे पुन्हा हिंमत व्हायची नाही.

डॉक्टरांनी कुत्र्याचा कान हातात घेतला. उलटा केला नाही, नुसता धरून ठेवला.

"हिला रक्त तपासायला..." ते म्हणाले, आणि थांबले. "म्हणजे याचं. याचं रक्त पाठवून बघू आपण."

"ते बघू हो. पण गोष्ट सांगा ना. त्या भुरीची."

मग बाहेरून बाईंचा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण दार उघडं असल्यानं नीट ऐकू येत होता. "आमच्याही घरी एक कुत्री होती," त्या म्हणाल्या. "भुरी तिचं नाव."

त्यांनी ती सांगितली, अगदी डॉक्टर सांगत तशीच. तेच शब्द, त्याच क्रमानं. पुस्तक खोटं बोलत नाही, कुत्र्याला खोटं बोलता येत नाही, राहिलं कोण, इथं डॉक्टर थांबत तिथं त्याही थांबल्या. सतरा दिवस. अठराव्या दिवशी बायकोनं कबूल केलं. दुधात बुडवून बिस्किट, रोज एक.

पोस्टमास्तर हसले. सून हसली नाही. तिनं मान वर केली, दारातून काउंटरकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मग बरी झाली का ती?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. गोष्ट बिस्किटाशी संपे.

बाईंनी पुढची चिठ्ठी कापली.

"ते डॉक्टरांना विचार," त्या म्हणाल्या.

सून डॉक्टरांकडे वळली. पोस्टमास्तरही वळले, अजून थोडे हसतच. डॉक्टरांच्या हातातून कान सुटला. टेबलावरच्या कुत्र्यानं मागचा पाय उचलला आणि मानेशी खाजवायला सुरुवात केली, आणि पत्र्यावर नखांचा आवाज होत राहिला.